नाटकातलं पुसलेलं कुंकू

नात सांगलीच्या संगीत नाटकात दारूच्या अड्ड्याची मालकीण झाली होती. गुंडांना धाकात ठेवणारी, जिला बघून पोलीस गल्ली बदलत, अशी बाई. त्याचं मला काही वाटलं नाही. गळा आमच्या घराण्यात आहे, तो काय पेटीत ठेवायचा?

घोर वेगळाच होता. दुसऱ्या अंकात त्या बाईचा नवरा गोळी लागून मरतो आणि ती गाता गाता कुंकू पुसते. नातीची सुपारी फुटलेली. होणारा नातजावई फौजेत, सरहद्दीवर. आणि त्याची आई तासगावहून नाटकाला येणार!

"तेवढं पुसू नगं," मी नातीला म्हणालो.

"आबा, नाटक हाय ते."

"कुंकू नाटकातलं, पर कपाळ तुझंच हाय न्हवं?"

"मग त्यास्नी येऊ नका म्हणून सांगा."

ते मी सांगणार नव्हतो. जन्मात कुणापुढं नमलो नाही.

विहीणबाई माझ्या शेजारीच बसल्या. नातीनं काठीनं हवालदाराची टोपी उडवली तशा खदाखदा हसल्या. "आवं आबा, ही आमच्या पोराला सरळ करती बघा!" माझ्या तळहाताला घाम.

मग गोळी वाजली. नात गात पुढं आली, पदरानं कपाळ पुसलं. विहीणबाईंनी पिशवी उचलली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेल्या.

लग्न मोडलंच म्हणायचं. मागं जावं, हात जोडावेत, असं वाटलं. पण पाय उठेनात. ताठा म्हणा. रिकाम्या खुर्चीकडं बघत बसलो. पुढचं गाणं कानात शिरलंच नाही.

शेवटी त्या बाईला बेड्या घालून आणतात. तालमीत तिथं तिचं कपाळ मोकळंच असायचं. नात आली तर कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तेही वाकडं. पेटीवाला बघतच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हिनं दुसरा केला काय?"

तेवढ्यात विहीणबाई येऊन बसल्या. बोट लाल.

"पडद्यामागं सोडत नव्हती ती माणसं. म्हटलं, नाटक तुमचं, सून माझी. तुमी का वो घामाघूम?"

"उकडतंय," मी म्हणालो.

नाटक सुटल्यावर पायरीवर उभं राहून त्यांनी पोराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. परत लावला. "हां आई, बोल," असा आवाज आला, तवा मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो.