मावशीचा पाटील

राइस मिलच्या शेठला मावशी तोंडावर ‘अरे’ म्हणायची आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ‘जी’. शेठच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर पोळ्या लाटल्यावर पहिला अधिकार तिला आपोआप मिळाला होता. दुसऱ्याचं कारण तिचं स्वतःचं होतं.

पक्षी म्हणजे मकाव. पाठ निळी, पोट हळदीसारखं पिवळं, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ दोन हात लांब. शेठनं हौसेनं आणला, पाहुण्यांना दाखवला, आणि कुटुंब रायपूरला गेलं तेव्हा जुन्या सोफ्यासारखा मागे ठेवला. असल्या हौसेबद्दल मला काय वाटतं ते मी आमगावच्या चौकात माइकवरून बोलले आहे, इथे पुन्हा बोलत नाही. मावशीनं पिंजरा रिक्षात घातला, आमच्या मोहल्ल्यात आणला आणि पक्ष्याचं नाव ठेवलं पाटील.

‘माया आज्यानं पाटलाच्या अंगणात उभं राहून जोहार घातला,’ ती येईल त्याला सांगायची. ‘आता पाटील माया हातचं खाते. अना उष्टं बी ठेवते.’ बायका हसायच्या. पाटील त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा, आणि तेही मावशीच्याच आवाजात. घशात अडकून मग फुटणारं तिचं हसू त्याला तंतोतंत यायचं.

भुईमुगाची शेंग ती त्याला कधी सोलून द्यायची नाही. भाचसून सोलायला बसली तर हातावर चापट मारायची. ‘पाटलाले काम पायजे. रिकामा पाटील गाव फोडते.’ तो शेंग फोडायचा, टरफलं भाचसुनेच्या स्वच्छ सारवलेल्या अंगणात उडवायचा, आणि मावशी म्हणायची, ‘खा जी, तिच्याकडं लक्ष देऊ नोका.’ भाचा-भाचसून सोडून तिला जवळचं कुणी नव्हतं. हे पक्षी पन्नास-साठ वर्षं जगतात असं शेठ बोलून गेला होता, आणि साठी ओलांडलेल्या, साखरेच्या आजाराच्या गोळ्या खाणाऱ्या मावशीच्या डोक्यात ते रुतून बसलं होतं. ‘मी गेल्यावर याले जी कोण म्हणल?’ हे ती हसत विचारायची नाही.

त्या वर्षी आमच्या पक्षिमित्र गटानं पोपट विकणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. जंगलातल्या ढोलीतून पिल्लं काढून आठवडी बाजारात विकतात. तो गुन्हा आहे आणि मी आजही तेच म्हणेन. पत्रक मी लिहिलं. ‘पिंजरा म्हणजे तुरुंग. दार उघडा. आकाश त्यांचं आहे.’ आपल्या रानातला पोपट वेगळा आणि परदेशी जातीचा, कुणाच्या तरी पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी वेगळा, हे त्यात नव्हतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

मावशीनं ओळीखाली बोट धरून पत्रक दोनदा वाचलं. तिच्या घरात छापील कागदावर पाय पडू देत नसत, त्यात भजी बांधत नसत. तिचे वडील म्हातारपणी अक्षरं शिकले होते. आपल्याला वर काढलं ते छापलेल्या कागदानं, असं ते सांगायचे. पत्रकाची घडी घालून ती म्हणाली, ‘छापून आलं म्हंजे कोणीतरी इचार केला असल.’ मग मला विचारलं, ‘जगल ना वो तो, बाहेर?’

मी म्हणाले, ‘हो. पक्षी आहे तो. उडणं रक्तात असतं.’ माझ्या हातात वाटायची पत्रकं उरली होती आणि मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला हातावर बसवून गच्चीवर नेलं. तो जाईना. तिनं हात झटकला तेव्हा तो शाळेमागच्या मोहाच्या शेंड्यावर जाऊन बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी व्हिडिओ काढला. उंच चढणं अशा पक्ष्याला जमतं, खाली उतरणं शिकावं लागतं, हे मला नंतर कळलं. दोन दिवस कावळे त्याला टोचत राहिले आणि तो शेंड्यावरून मावशीचं हसू हसत राहिला. ती झाडाखाली मान वर करून उभी. ‘उतरा जी. उतरा ना जी.’ तिसऱ्या सकाळी झाड रिकामं होतं.

पाचव्या दिवशी तो मला सापडला. कालव्याच्या कडेला, धानाच्या बांधाखाली, चिखलात. ओढणीत गुंडाळून मी त्याला पळसाखाली पुरलं आणि सांगायला तडक मावशीकडे गेले. ती चपला घालत होती. पलीकडच्या गावात कुणी काहीतरी निळं पाहिलं होतं. ‘तू बी येतेस का?’ तिनं विचारलं.

मी गेले. मीच पुरलेला पक्षी मी तिच्याबरोबर शोधत फिरले.

तो सगळा हिवाळा ती फिरली, पार दूरच्या नागरा गावापर्यंत. गच्चीवर रोज भिजवलेल्या चण्याची वाटी ठेवायची. मी कितीतरी वेळा सोबत गेले. दर वेळी निघताना ठरवायचे, आज सांगायचं. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. अनोळखी माणसांना ओळख करून द्यायची, ‘हे आमची पोरगी, पाखरांची वकील.’ चालून चालून तिच्या पायाला जखम झाली. साखर होतीच. जखम भरली नाही. उन्हाळ्यात मावशी गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना आणि जेवणं झाल्यावर भाचसून वाटी घेऊन जिना चढताना दिसली. मी मागोमाग गेले. मावशीनं तिच्याकडून वचन घेतलं होतं, तो आला तर उपाशी राहू नये. ‘ताई, तुमी या कामात हाव,’ ती म्हणाली. ‘येईल का तो?’

मी म्हणाले, ‘नाही. मेला तो, पाचव्याच दिवशी. मी पुरला.’

तिनं वाटी खाली ठेवली नाही. रागावलीही नाही. ठाऊक नसलेली गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं, ‘मंग मावशीले काऊन नाई सांगतलं?’

तालुक्यात सगळे म्हणतात, या पोरीला बोलता येतं. मी जिना उतरून खाली आले.