काठावरून दिसायचं शीड

"सोड जरा," काका म्हणायचे आणि दोन बोटांतला नसलेला दोर ढिला करून दाखवायचे. होडीत, चहाच्या टपरीवर, कुठेही. आमच्या मोहिमेचं पत्रक वाचायला दिलं तेव्हाही तेच. "वाक्य फार ताणलंयस गं. सोड जरा."

मी चिडले. सोडून कसं चालेल? खाडीकाठचा उतार सुशोभीकरणाच्या नावाखाली बंद होणार होता. कोळ्यांच्या होड्या तिथूनच पाण्यात उतरत, आणि काकांची कॅटामरानही.

कॅटामरान म्हटल्यावर तुम्हाला श्रीमंतांची बोट दिसेल. तसं काही नव्हतं. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मध्ये ताणलेली जाळी, तिच्यावर बसायचं. काका बँकेतून निवृत्त, राहायला वर्तकनगरात. सुकाणू त्यांच्याकडे आणि पुढचं मोठं, फुग्यासारखं शीड, म्हणजे स्पिनेकर, काकूंकडे. त्यांनी ते चढवायचं, त्याचा दोर हातात ठेवायचा. शिडाची कड दुमडायला लागली की ओढायचा, नाहीतर हळूहळू ढिला करायचा. "सोड जरा" हे मुळात काकूंसाठीचं वाक्य. मग काकूंचा खांदा गेला.

मी येते म्हणाले. एकदा नेलंही. मी दोर असा आवळून धरला की होडी एका अंगावर उभी राहिली. काठावर आल्यावर काका शांतपणे म्हणाले, "तू मोर्चेच काढ."

दुसरं कुणी शोधा म्हटलं, तर ऐकेनात. ते शीड त्यांना एकट्याने चालवायचं होतं. का, ते काकूंनी सांगितलं. "मी कायम त्याच्या खाली बसले गं, डोळा त्या कडेवर. पूर्ण भरलेलं कसं दिसतं मला माहीतच नाही. एकदा काठावरून बघायचंय."

म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेत उभ्या होडीवर, काकांची खटपट चाले. वर-खाली फिरणारा एकच अखंड दोर. एका बाजूने ओढला की शीड जाळीवर बांधलेल्या पिशवीतून वर, दुसऱ्या बाजूने ओढला की परत पिशवीत. दुसरा हात सुकाणूला मोकळा. ऐकायला सोपं. पण उतरताना शीड पिशवीच्या तोंडाशी बोळा होऊन अडायचं. काका शिडाच्या पोटाला दोर बांधलेली गाठ बोटभर वर घेत, कप्पी बोटभर मागे सरकवत, पुन्हा ओढत. वॉचमन विचारायचा, "काका, उडणार कधी?" काका म्हणायचे, "अजून घासतंय." उतारावरच्या कोळीण मावशी तर तोंडावर विचारत, एवढी मोठी झोळी कोणत्या बाळासाठी म्हणून.

मला राग यायचा. उतार हातचा चाललाय, मी मानपाड्याहून धावत येतेय, आणि हा माणूस बोटभर दोरात अडकलाय.

एका शनिवारी शीड न अडता आत गेलं. पुढच्या रविवारी भरतीला निघायचं ठरलं. मधल्या आठवड्यात उतारावर आमचं धरणं होतं. ऊन मरणाचं आणि मांडवाला परवानगी नाही. काकांनी आपणहून शीड आणून दिलं. सावलीला घ्या, म्हणाले, संध्याकाळी परत.

मी रस्त्यावर पत्रकं वाटत होते. शीड बांधलं आमच्या बॅनरवाल्या दोस्ताने. वारा सुटला, शीड फुगलं, बांबू उपटायला लागलं. त्याने फ्लेक्सला नेहमी करतो तेच केलं. ब्लेडने अर्धगोल चिरा पाडल्या, वारा निघून जावा म्हणून. चांगल्या मनाने, फार सफाईने.

काका आले ते काकूंना घेऊन. चिरांतून उन्हाचे तुकडे खाली पडले होते. काकांनी एका चिरेत दोन बोटं घातली.

"आता टेन्शन नाही काका," दोस्त म्हणाला, "फाटणार नाही."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सोड जरा."

काकू सतरंजीवर बसल्या. पुन्हा त्याच्या खालीच. मान वर करून बघत राहिल्या. "केवढं मोठं आहे हो," म्हणाल्या.

नवं शीड शिवायचं ठरेपर्यंत उतारावर भिंत उभी राहिली. तिच्यावर रंगीत मासे काढलेत. कोळ्यांना हटवून मासे.

काका-काकू आता मुलीकडे नाशिकला असतात. होडी अजून पार्किंगमध्येच आहे. परवा मी तिथे गेले आणि तो दोर ओढून पाहिला. वर गेला, फिरून खाली आला. नुसताच दोर. कुठेही घासत नव्हता.