जमुनाबाई टीव्हीला बोलतात

डाबकी रोडवरच्या त्या घरात मनातलं सरळ बोलायची पद्धत नव्हती. भाजीत मीठ कमी आहे, गॅस संपला, नळ गेला, असलं सगळं एकमेकांना सांगितलं जाई. पण कुणाच्या मनाला लागेल असं काही बोलायचं असलं, की ते टीव्हीला बोलायचं. ही रीत जमुनाबाईंच्या सासूनं घातलेली. खेड्यावर असताना ती गोठ्यातल्या गाईला बोलायची. "खायाले मणभर लागते, अन् कामाच्या नावानं बोंब," असं गाईला म्हटलं, की चुलीपुढच्या जमुनेनं काय ते समजून घ्यायचं. पुढे अकोल्यात घर झालं, गाय गेली, टीव्ही आला, आणि सासूबाईंनी एक दिवसही न दवडता गाईचं काम टीव्हीला लावलं.

सासूबाई गेल्या, पण रीत राहिली. लेक आचल अकरावीत असताना क्लासहून उशिरा आली, तर जमुनाबाई मालिकेतल्या नायिकेला विचारत, "कुठी उंडारून आली वं इतक्या उशिरा?" आणि आचल आतून भिंतीकडे बघत उत्तर देई, "क्लास लांबला होता." जमुनाबाईंचे यजमान भगवंतरावही मागे नव्हते. धान्यबाजारात अडतीच्या दुकानात दिवसभर घसा फोडून ते घरी येत आणि बातम्या देणाऱ्या बाईला म्हणत, "तुह्या घरी तं जेवणं झाली असतीन." मग ताट येई. पाहुण्यांना मोठी गंमत वाटे. घरच्यांना त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

हीच आचल, आता अमरावतीच्या एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवणारी, नवऱ्याला, विपुलला, अमरावतीत ठेवून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन एप्रिलात. मुलगी झाली. नातीचं तोंड पाहून जमुनाबाईंचं अंग मोहरून गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दुखायला लागलं.

बाळंतिणीचे नियम तर सगळ्यांना पाठ. कान बांधायचे, गार पाणी प्यायचं नाही, वाऱ्यात बसायचं नाही, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. बाहेर ऊन गच्च्या भाजून काढत होतं आणि आतल्या खोलीत आचल डोक्याला रुमाल बांधून, घामानं निथळत, वर शेक घेत होती. कूलर बैठकीत होता, टीव्हीसमोर. हे नियम कुणी केले कोण जाणे; ज्यानं केले त्यानं अकोल्यात उन्हाळा काढलेला नसावा.

न्हाऊ घालणारी चांगली बाई मिळाली नाही, म्हणून तेही जमुनाबाईंच्याच गळ्यात पडलं. पहाटे उठून पाणी तापवायचं, आचलच्या अंगाला तेल लावायचं, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची. मग दुपटी, लंगोट, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकर. त्यातच बाळ पाहायला येणाऱ्या बायांचा चहा. चहा घेता घेता त्या बाया विचारत, "दूध पुरते ना वं लेकराले?" आणि जमुनाबाई आचलच्या आधी सांगून टाकत, "पुरते म्हंजे? उतू जाते!" गुडघे तर संध्याकाळी दुखायचे ते आता सकाळीच दुखू लागले. कधीकधी भांडी घासता घासता त्यांचे डोळे मिटत, आणि ताटली हातातून सुटली की उघडत.

दिवसभरात हक्काचा विसावा काय तो एकच. दुपारी रात्रीच्या ‘बंद दार’चा भाग पुन्हा दाखवत. नटनट्यांना एका मोठ्या घरात कोंडायचं, आणि ते कसे भांडतात ते जगानं बघायचं, असा तो कार्यक्रम. शेजारच्या पार्वताबाई त्या वेळेला बरोबर हजर होत. कोण कुणाशी बोललं, कोण कुणाच्या मागे रडलं, कुणाचं लग्न मोडायला आलंय, हे त्यांना कार्यक्रमाच्या आधीच मोबाईलवरून कळलेलं असे. दोघी कूलरपुढे पाय पसरून बसत. घरात पाळणा हलतोय, गॅसवर काही शिजतंय, याचा तेवढ्यापुरता विसर पडे.

‘बंद दार’च्या घरात नव्या साळगावे नावाची एक नटी होती. पाच महिन्यांचं बाळ आपल्या आईकडे ठेवून ती आली होती. एवढ्यावरूनच मोबाईलवर तिचा उद्धार चालला होता, त्यात एके दिवशी ती सोफ्यावर मांडी घालून म्हणाली, "मला दूध नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी पावडरचंच दिलं. मला त्याचं काही वाटत नाही."

पार्वताबाईंनी तोंडावर हात ठेवला. जमुनाबाईंनी मात्र तोंड सोडलं.

"काही वाटत नाही म्हंते! अवं, तुह्या लेकरानं काय पाप केलं होतं? बांधा बिघडून जाईन, अंग सुटन, म्हून लेकराले डब्यावर टाकलं! असल्या बाया आई होतात कायले?"

कूलरचा आवाज मोठा, म्हणून जमुनाबाईंचा त्याहून मोठा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. नव्या दिसली रे दिसली, की जमुनाबाईंच्या अंगात यायचं. दिवसभर वाकून कामं करणारी बाई तेवढ्या वेळापुरती ताठ बसायची. पार्वताबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई, आपल्याले काय करनं हाय तिचं?" पण जमुनाबाई ऐकेनात.

इकडे आचलचं बोलणं कमी झालं. लाडू ताटलीत तसाच राहू लागला. बाळाला पाजताना ती आतून कडी लावून घेई. गरम पाण्याचा थर्मास मात्र सारखा भरून मागे. बाळंतीण गरम पाणी पिते, चांगलंच आहे, म्हणून जमुनाबाई भरून देत. पोरगी घुम्यासारखी का बसते, हे विचारायचं त्यांच्या मनात रोज येई, आणि रोज कुकरची शिट्टी होई.

मग एका सकाळी तेल लावताना आचल म्हणाली, "आई, विपुल येऊन राहिला. दुपारपर्यंत पोचन. मी त्याच्यासंग अमरावतीले जाऊन राहिली."

जमुनाबाईंचा हात तिच्या पाठीवरच थांबला. "काऊन? तिकडं कोनाले बरं नाही का?"

"सगळे बरे हायेत."

"मंग सव्वा महिना तं होऊ दे! तुही सासू काय म्हनन? लोक काय म्हनतीन? पहिलं बाळंतपण, अन् मायले झेपलं नाही म्हनतीन. माह्या हातून काही कमी पडलं का वं?"

"तुह्याकडून कायचं कमी पडन? माह्याकडूनच पडलं. तू रोज सांगूनच राहिली ना."

"मी? मी काय सांगतलं?"

आचलनं पदर सावरला आणि आईकडे तोंड केलं. तिचे डोळे खोल गेले होते. किती रात्री ती नीट झोपली नसेल, हे जमुनाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ती जमुनाबाईंचीच वाक्यं एकामागून एक म्हणत गेली. लेकरानं काय पाप केलं होतं. डब्यावर टाकलं. असल्या बाया आई होतात कायले. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

"अवं, थे तं मी त्या नव्याले म्हटलं!" जमुनाबाई ओरडल्याच.

"आई, ह्या घरात कोनी कधी टीव्हीले टीव्हीसाठी बोललं हाय का?"

आचल उठली, कपाटातल्या साड्यांच्या मागे हात घालून तिनं एक डबा काढला आणि बाजेवर ठेवला. दुधाच्या पावडरचा. अर्ध्याहून जास्त संपलेला.

"बाळाचं वजन वाढून नव्हतं राहिलं. विपुल तिले दाखवाले घेऊन गेला, तवा डॉक्टरनं द्या म्हटलं, म्हून त्यानं आणून देल्ला. मले वाटलं, तू डबा पाहिला. अन् तोंडावर बोलाचं टाळून टीव्हीले सांगून राहिली." तिनं डबा आईकडे सरकवला. "मी किती खाल्लं, आई. तू देल्लं थे सगळं खाल्लं. तरी नाही येत. मी काय करू?"

बाळ जागं होऊन रडायला लागलं. जमुनाबाईंनी डबा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एका नटीला शिव्या दिल्या होत्या, मन लावून. त्या बैठकीत गेल्या. सवयीनं टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता. लावावा असं एकदा वाटलं. कुणी एखादी बाई त्यावर दिसली असती, तर तिला सांगता आलं असतं. रिमोट समोरच पडला होता. पण त्या तशाच आत परतल्या आणि बाजेच्या कडेला बसल्या. बसल्या त्या भिंतीकडे बघत.

"तुलेबी मी डब्याचंच पाजलं," त्या म्हणाल्या.

आचल बाळाला थोपटत होती.

"तू पंधरा दिवसांची होती. मले दूधच नव्हतं. तुही आजी गाईले बोले, कोरडी झाली म्हने. मले समजे, कोनाले म्हंते थे. माह्या भावानं तालुक्यावरून डबा आणून देल्ला चोरून. ज्वारीच्या कोठीत ठेवला होता मी. सगळे वावरात गेले का तुले पाजो. आजीले वाटे, अंगावरच वाढून राहिली पोरगी."

"बाबाले?"

"त्याईलेबी नाही सांगतलं. कोनालेच नाही. आज तुले सांगून राहिली."

आचलला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. "मंग त्या बिचारीले इतक्या शिव्या काऊन देल्ल्या? तुले तं माईत होतं ना?"

जमुनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तिनं सगळ्या देशासमोर सांगून टाकलं वं. हसत हसत. काही वाटत नाही म्हने. मले तं इतक्या वर्षांत नवऱ्यालेबी सांगता आलं नाही. मले तिचा रागच आला. लय राग आला."

आचल रडली, पण आईच्या गळ्यात पडून वगैरे नाही. तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, नाक रुमालाला पुसलं, आणि थोड्या वेळानं तिनं बाळ उचलून आईच्या मांडीवर ठेवलं.

"मले झोप पायजे, आई. बाकी काहीच नोको. विपुल आला तं त्याले जेवाले वाढ अन् वापस पाठव. मी सव्वा महिना झाल्यावर येईन म्हन."

डोक्याचा रुमाल सोडून ती कुशीवर वळली. वळता वळताच तिला झोप लागली.

विपुल आला तेव्हा जमुनाबाई बैठकीत बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी निरोप सांगितला. गाडी एवढ्या उन्हातून हाणत आणलेल्या जावयानं आधी "असं कसं?" म्हटलं, मग दारातून झोपलेली बायको पाहिली आणि मुकाट्यानं पंख्याखाली येऊन बसला. भगवंतराव जेवायला दुकानातून आले, ते त्याच वेळी. आणि ते दारात चपला काढत असतानाच ‘बंद दार’साठी पार्वताबाई.

पार्वताबाई नेहमीच्या जागी टेकणार, तोच त्यांची नजर जमुनाबाईंच्या हाताकडे गेली.

"बाई! बाटली? लेकराले काय पाजून राहिल्या तुमी?"

विपुल एकदम चुळबुळला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, तो आता पाणी किंवा औषध असं काहीतरी सांगून वेळ मारून नेणार. जमुनाबाईंनी त्याला सवड दिली नाही. त्यांनी पार्वताबाईंच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"डब्याचं दूध. माह्या पोरीले पुरेसं दूध नाही. मलेबी नव्हतं. आचलबी ह्याच दुधावर वाढली."

भगवंतराव एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून दारात उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि शेवटी, इतक्या वर्षांची सवय, टीव्हीकडे पाहिलं.

"मले कोनी कधी सांगतलं नाही," ते टीव्हीला म्हणाले.

"इकडं पाहून बोला," जमुनाबाई म्हणाल्या. "अन् हळू बोला. पोरगी झोपली हाय."