पुतळ्याच्या डोक्यावरचं दूध

आमच्या घरी दोन म्हशी होत्या आणि चहा कोरा असायचा. केज तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक घरांत तेच. सकाळचं दूध सहकारी डेअरीला, संध्याकाळचंही डेअरीला. कॅन पोचवायचं काम माझं. धाकटा भाऊ सोबत यायचा तो फेसासाठी. वाटेत झाकण उघडून बोट फिरवायचा आणि चाटायचा. मी ओरडले की म्हणायचा, "फेस मापात येत न्हाई, आक्का."

पुढे तो फौजेत गेला. सुट्टीवर आला की एकच फर्माईश, दुधाचा चहा. आई त्याच्यापुरतं दूध मागं ठेवायची आणि स्वतः कोराच प्यायची. सीमेवरच्या चकमकीत त्यानं दोन जखमी सोबत्यांना ओढून आणलं. तिसऱ्यासाठी परत गेला तेव्हा गोळी लागली. पदक आईच्या हातात दिलं. ते ट्रंकेत आहे, रुमालात गुंडाळलेलं.

गावानं स्टँडसमोर त्याचा अर्धपुतळा बसवला. मिशा जरा जास्तच झाल्यात, पण असू दे. दर स्मृतिदिनाला डेअरीचे चेअरमन स्टुलावर चढून पुतळ्याला दुधानं आंघोळ घालायचे. फोटो निघायचे. खाली कुत्री चाटत बसायची.

मग तो दुष्काळ पडला. गावात टँकर, जनावरं चारा छावणीत. डेअरीला दूध पुरत नव्हतं, कोऱ्या चहालाही पाणी मोजून. तरी स्मृतिदिनाला पुतळ्यापाशी भरलेला कॅन हजर! मी माझी पिठाची गिरणी बंद करून गेले होते, पदराला पीठ तसंच. चेअरमननी तांब्या हातात घेतला, स्टुलावर पाय ठेवला. मी कॅनचं झाकण लावलं आणि वर बसले.

"आक्का, ऊठ. मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त कसला? लगीन हाय का त्याचं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. चेअरमन कानापर्यंत लाल.

"शहिदाचा मान हाय हा. तू सख्खी बहीण, आन् तूच आडवी येती?"

"सख्खी हाय म्हणून तर बसले. जित्ता होता तवा घोटभर दुधासाठी सुट्टीची वाट बघायचा. आता डोक्यावर वतताव व्हय?"

"समदं गाव बघतंय, आक्का."

"बघू द्या. उचलायचं आसंल तर माझ्यासकट उचला."

माझं वजन बघता कोणी पुढं आलं नाही. आई पुतळ्याजवळच्या खुर्चीवर बसली होती. मला वाटलं, आता ती रागावणार. ती समोरच्या हॉटेलवाल्याकडे वळली.

"पातेलं मोठं हाय का रं तुज्याकडं?"

"हाय की, मावशी."

"मग चढव. साखर लई टाक, त्याला गोड लागायचा."

तेव्हा मी कॅनवरून उठले. कॅन हॉटेलात गेला. जमलेल्या सगळ्यांना चहा मिळाला. छावणीतून आलेली माणसं दोनदा रांगेत उभी राहिली, कोणी हटकलं नाही. चेअरमनही प्यायले, तोंड वाकडं करून. आईनं कप दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत संपवला. तिला दुधाचा चहा पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुतळा कोरडाच राहिला. धूळ होती, ती मी पदरानं पुसली.

नंतर पाऊस झाला, म्हशी परत आल्या, आणि नव्या चेअरमननी पुन्हा तांब्या आणला. आता दूध भरपूर आहे, असं त्यांचं म्हणणं. असेल. स्मृतिदिनाला मी त्यांच्या आधी जाते आणि कॅनवर बसते.