आजोबांची फ्रेंच मोटार

नारायणगुड्यातले आमच्या शेजारचे काका जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या छोट्या फ्रेंच मोटारी फोटोवरून ओळखतात. फोटो ते आधी उलटा धरतात. सरळ धरला की नजर माणसांवरच जाते, म्हणतात.

परवा आईने तिच्या आजोबांचा फोटो त्यांना दाखवला. मोटारीपुढे, ती सुरू करायचं हँडल धरून आजोबा उभे होते.

"हौ, फ्रेंचच आहे," काका म्हणाले. "बॉनेट उतरतं, रेडिएटर इंजिनामागे. नाव मात्र नक्की सांगता येत नाही."

"पण मोटार आजोबांचीच ना?" आईने विचारलं. आम्हाला ती लहानपणापासून तसंच सांगत आली होती.

काका घुटमळले. "ताई, अंगात ड्रायव्हरचा कोट दिसतो. पण यांनी हँडल मारल्याशिवाय मालक जागचा हलत नसेल बघा."

आईने फोटो हातात घेऊन सरळ धरला.

"मग आता हेच सांगायचं, आजोबांशिवाय मालक हलत नव्हता," ती म्हणाली.