शेगडी सोडून येता येत नाही

मी गल्फला निघाले त्या सकाळी आई मला दारापर्यंतसुद्धा सोडायला आली नाही. टॅक्सी अंगणाबाहेर उभी, निम्मा मोहल्ला जमलेला, आणि आई परसात भुशाची शेगडी भरत बसलेली. लोखंडी डब्यात मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकात दांडका घालायचा, भोवती लाकडाच्या गिरणीतला भुसा मुठीने ठोकून ठोकून बसवायचा. मग बाटली आणि दांडका हलक्या हाताने फिरवून काढायचे. आत बोगदा होतो, तो खालून पेटवायचा. नीट भरलेली शेगडी अर्धा दिवस तरी धगधगते. आई मागे न बघताच म्हणाली, "जा गो तू. शेगडी सोडून येता येत नाय. भुसा ढासळंल."

मी वीस वर्षांची, पायात उंच टाचांच्या नव्या चपला, त्यांवर धड उभंही राहता येत नव्हतं. पण तोरा बघा! "बस तुझ्या शेगडीला कवटाळून. शारजाला बटण दाबलं की गॅस पेटतो," असं म्हणून मी फणकाऱ्याने वळले आणि उंबऱ्यालाच अडखळले. बटणाचं मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. शारजाच्या खोलीतला गॅस काडी ओढूनच पेटायचा.

आमचे हे तिथल्या इंडस्ट्रियल एरियात फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार. तीन महिनेही झाले नाहीत, तर या गॅसवाल्या मेमसाहेबांनी लाडीगोडी लावून त्यांच्याकडून पोतंभर भुसा मागवला. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडलं आणि गच्चीवर शेगडी भरली, हुबेहूब आईसारखी. पण तो भुसा गोंद घालून दाबलेल्या फळ्यांचा. असा काळा, डोळे झोंबवणारा धूर निघाला की खालचा पठाण वॉचमन बादली घेऊन धावला. "भाभी, बिल्डिंग जलाओगी क्या? खलास करो!" त्याने पाणी ओतलं. मी रडत होते. सगळ्यांना सांगितलं, धुराने. जेवताना यांनी विचारलं, "धूर तर कधीच गेला. मग हे काय?"

पुढे दर दोन वर्षांनी सुट्टी, आणि निघताना दर वेळी तेच: परस, शेगडी आणि आईची पाठ. मी तिला गॅस घेऊन दिला, तर तिने त्यावर विणलेला रुमाल पसरून ठेवला. शेवटच्या खेपेला मात्र मी जरा पुढे जाऊन पाहिलं. शेगडी आधीच भरलेली होती. आई नुसती वरचा भुसा थोपटत होती, आणि तिचे खांदे हलत होते. मला सगळं कळलं. तरी मी शहाणी, फ्लाइट चुकेल म्हणून टॅक्सीत जाऊन बसले. त्यानंतर आई दिसली नाही.

आमचे हे गेल्यापासून मी मुलाकडे, अश्रफकडे, रास अल खैमाला असते. तो सिरॅमिकच्या कारखान्यात. दिवसभर भट्टीशेजारी काम करून या माणसाने घरीही पेलेटची शेगडी आणली. डोंगराच्या पायथ्याशी जानेवारीत सकाळी बोटं आखडतात, हे खरं. पेलेट म्हणजे काय, तर मशीनने ठोकलेला भुसाच, बोटाच्या पेराएवढा. पंधरा किलोची पिशवी साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. भुशाचे! मंद ठेवली तर तासाला किलोभर खाते. रोज राख काढायची, पेलेट जळतात ती वाटी खरवडायची, काच पुसायची.

एकदा ती सारखी विझायला लागली. अश्रफ मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. मी एक पेलेट मोडून पाहिला. कट्‌कन तुटायला हवा, तो बोटांत भुगा झाला. "सादळलेत रे. पिशवी नळाजवळ कुणी ठेवली?" त्या दिवसापासून शेगडी माझ्या ताब्यात आली. नात झोया म्हणाली, "दादी, यू आर द इंजिनिअर." आणि शिष्यासारखी शेजारी बसून सगळं शिकली.

हीच झोया या जानेवारीत कॅनडाला शिकायला निघाली. गाडीत बॅगा चढल्या. अश्रफ ओरडला, "अम्मी, यल्ला, चल लवकर!" मी ब्रश घेऊन शेगडीपुढे बसले, दाराकडे पाठ करून. "तुम्ही जा. ही पेटलेली आहे, सोडून येता येत नाही."

"दादी, इट टर्न्स इटसेल्फ ऑफ," म्हणत झोयाने बटण दाबलं.

"मग राख काढायचीय."

"आय डिड इट. धिस मॉर्निंग." तिने खालचा राखेचा खण ओढून दाखवला. लख्ख. माझीच शिष्या! आता सबब म्हणून काय सांगायचं?

ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आईच्या तोंडाकडे असं बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मग मी होते तशीच गाडीत बसले, घरातला गाऊन, हाताला काजळी. दुबईच्या एअरपोर्टपर्यंत इतकी मोठ्याने रडले की झोया टिश्यूचा डबा धरून म्हणाली, "दादी, आय ॲम द वन लीव्हिंग!"

गावातल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतेस. आईच्या परसाची आठवण येत नाही असा दिवस नाही. पण मागे वळून पाहिलं, तर दिसायला तिथे कुणी उरलेलं नाही. इथल्या दारात मी आहे. इथून कुणी निघालं, की त्याला माझं तोंड दिसायला हवं, रडकं तर रडकं.