आईला वास आला नाही

आई कोपरला राहते, मी वर्तकनगरला. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते, म्हणून शनिवारची दुपार मी तिच्यासाठी राखून ठेवते. त्या शनिवारीही तशीच गेलेले. तिची इमारत जुनी, बिनलिफ्टची. शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतलेली होती. दिवसभर ब्रेकरचा धडधडाट, आणि धूळ इतकी की सगळ्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या.

दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा पहिल्यांदा गॅसचा वास आला. कुणाचं तरी दूध उतू जाऊन शेगडी विझली असेल, असं म्हणत मी चढत राहिले. पण वर जावं तसा वास दाट होत गेला. तिसऱ्या मजल्यावर, आईच्या दारापाशी, तो थेट घशात उतरला. सवयीने माझं बोट बेलच्या बटणावर गेलं. टेकलंसुद्धा. पण दाबलं नाही. बेलमधून ठिणगी उडू शकते हे कधीतरी कुठेतरी ऐकलेलं असणार, पण त्या क्षणी असा काही विचार केल्याचं मला आठवत नाही. बोट आपणहून मागे आलं, एवढंच.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"आले, आले! बेल बिघडली की काय?" आतून आईचा आवाज आला. तिने दार उघडलं. छान इस्त्रीची साडी, केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. तिच्या पॅसेजमध्ये दुपारीही अंधारच असतो. मला नीट दिसावं म्हणून तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि मी तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की ती कळवळली.

"आई, लाइट नको! कशालाच हात लावू नकोस. आधी बाहेर ये."

"अगं, झालं काय? एवढी का घाबरलीस?"

"घरात गॅस सुटलाय!"

"गॅस?" तिने मान वर केली आणि नाकाने लांब श्वास घेतला, अगदी मन लावून. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "कुठाय? काहीच तर नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझं डोकं त्या वासाने गरगरत होतं आणि ती त्याच हवेत उभी राहून मला काहीच नाही म्हणत होती. क्षणभर मला वाटलं, मलाच भास होतोय.

तेवढ्यात समोरच्या वहिनींनी दार उघडलं. "अहो, कसला वास येतोय केव्हापासून? मी गॅस एजन्सीला फोनच लावत होते."

"वहिनी, इथे फोन नको. आईला खाली न्या, तिथून लावा. आणि जाताना सगळ्यांना सांगा, कुणी काही पेटवू नका, बटणं दाबू नका."

वहिनींनी आईचा हात धरला. आई जिना उतरतानाही मागे वळून म्हणत होती, "अगं, शेगडी बंदच आहे माझी. उगाच लोकांना घाबरवू नकोस."

मी आत गेले. आत जायला हवं होतं की नव्हतं, यावर नंतर घरात बराच वाद झाला. पण त्या वेळी वाद घालायला कुणी नव्हतं. बाल्कनीचं दार सताड उघडलं, हॉलची खिडकी उघडली आणि स्वयंपाकघरात शिरले.

शेगडीवर चहाचं पातेलं ठेवलेलं होतं. त्यात पाणी, साखर, किसलेलं आलं. शेजारी दोन कप पालथे घातलेले. आणि पातेल्याला टेकून लायटर.

माझ्यासाठीच होती ती तयारी. मी आले की आई आधी चहा टाकते. दार उघडून, मला बसायला सांगून ती सरळ इथे आली असती आणि लायटर उचलला असता.

ब्रेकर मध्येच थांबला तेव्हा ओट्याखालून बारीक, सलग फुसफुस ऐकू आली. मी वाकले. रेग्युलेटरचं बटण चालू होतं. ते फिरवून बंद केलं आणि फुसफुस थांबली. रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या गळ्यात दोरीने लटकणारं टोपण तोंडावर घट्ट बसवलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. पंखा लावायला हात शिवशिवत होता, तो पाठीमागे धरला आणि बाहेर पडले.

खाली पार्किंगमध्ये आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. भोवती चारपाच शेजारी. ती त्यांना समजावत होती. "दुपारी नवीन सिलिंडर आला. तो मुलगा लावून देत होता, मीच म्हटलं, ठेव, मी लावते. आयुष्यभर मीच लावत आलेय."

खरं होतं ते. रेग्युलेटर लावायला मला तिनेच शिकवलेलं. टोपण काढायचं, आत रबराची रिंग आहे ना बघायची. रेग्युलेटर बसला की टक्क आवाज यायला हवा. मग बटण फिरवायचं, खाली वाकायचं आणि वास घ्यायचा. वास नाही म्हणजे सगळं ठीक. काम झालं की बटण बंद.

"आई, बटण चालूच होतं."

"चहा टाकायचाच होता ना, म्हणून राहू दिलं. पण मी बघितलं होतं गं! टक्क वाजलं. रिंगही दिसल्यासारखी वाटली. आणि वाकून वास घेतला. नव्हता."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "आई, तुला वास येतच नाही का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "नाही."

"कधीपासून?"

"तो मोठा ताप आलेला ना, चव गेली होती, तेव्हापासून. चव थोडी परत आली. वास नाही आला."

वहिनींनी तोंडावर हात धरला. त्या तापाला काही वर्षं होऊन गेली होती. इतकी वर्षं आई रोज स्वयंपाक करत होती, आणि तो चांगलाच होत होता. फोडणी ती आवाजावर ओळखायची, भाजणी रंगावर. गेल्याच आठवड्यात मी सोनचाफा नेला होता. तो तिने नाकाशी धरला होता, डोळे मिटले होते आणि म्हणाली होती, काय सुरेख वास आहे गं.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगायचं? गुडघा दुखला की सांगते ना? हे दुखत नाही काही. शिवाय कळलं असतं तर तुम्ही मला एकटीला राहू दिलं नसतंत."

राहू दिलं नसतं, हे खरंच होतं.

एजन्सीचा मेकॅनिक आला. सिलिंडरच्या तोंडात रबराची रिंग नव्हतीच. काळोखातल्या काळ्या कडेला आईने रिंग समजलं होतं. त्याने नवी रिंग घातली, रेग्युलेटर लावला, साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे आले नाहीत. तरी आम्ही त्या दिवशी शेगडी पेटवली नाही. मी आईला घेऊन घरी आले. कळव्याच्या आसपास ती म्हणाली, "म्हणजे तू दार वाजवलंस तेव्हा मी त्यातच बसलेले?" आणि तिने माझा हात घट्ट धरला. तिला धक्का तेव्हा बसला.

नाकाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता वास परत येईल असं धरून चालू नका. आई आठ-दहा दिवस माझ्याकडे राहिली आणि मग हट्टाने कोपरला परतली. आता सिलिंडर आणणाऱ्याकडूनच ती रेग्युलेटर लावून घेते, साबणाचं पाणी सोडून बघते, काम झालं की बटण बंद करते. भिंतीवर, जमिनीलगत, गॅसचा अलार्म बसवलाय. मध्यंतरी तो एकदा वाजला, तर ती चप्पल न घालता समोर वहिनींकडे जाऊन बसली. गॅस नव्हता, झुरळांवर मारलेल्या हिटमुळे वाजला असावा. पण ती बाहेर पडली, याचंच मला बरं वाटलं.

परवा गेले तर तिने फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढून माझ्या नाकासमोर धरलं. "बघ गं, नासलंय का? मला काय कळतंय!"

नासलं होतं. तिने ते तिथेच सिंकमध्ये ओतलं.